दादा, जरा पाणी

वेटरशी कसं बोलावं हे जगानं माझ्याकडून शिकावं, असं माझं बरीच वर्षं मत होतं. सांगलीहून सातारला सासुरवाडीला निघालो (जाताना भडंग, येताना कंदी पेढे), की पेठ नाका ओलांडल्यावर अख्खा मसूर खायला थांबणं आलंच. शेजारच्या टेबलांवर चुटक्या आणि 'शुक् शुक्' चालू असतं. मी मात्र चार टेबलांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणतो, "दादा, जरा पाणी देता का?" बायको तेवढ्यात मेनूकार्ड तोंडासमोर धरते.

हाकांचं निघालंच आहे तर सांगतो. आमच्याकडची सगळ्यांत गोंधळाची हाक 'पाव्हणं'. गिऱ्हाईक वेटरला पाव्हणं म्हणतं, वेटर गिऱ्हाइकाला. मग वाढायचं कुणी? 'मामा' म्हटलं की भाच्याच्या हक्कानं जादा कांदा मागता येतो. त्यात 'ओ मामा' वेगळं आणि 'ए मामा' वेगळं. पहिल्यात कांदा येतो, दुसऱ्यात नुसता मामा येतो. आणि जुनी हाक 'ए बारक्या'. चौदा वर्षांखालच्या पोरांना हॉटेलात, ढाब्यावर कामाला ठेवायला १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आली. कागदोपत्री बारके गेले, हाक राहिली. परवा त्या हाकेला मिशा पिकलेल्या एका माणसानं 'आलो' म्हटलं. घास घशातच राहिला. ह्याला नातवंडं असतील, आणि हा अजून बारक्याच?

मग मी जास्तच गोड झालो. "दादा, एक रोटी द्याल का?" तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा ते थांबले.

"देतो की. पर सायेब, दादा कुणाला म्हणताय, मला का मोबाईलला?"

मान मी एकदाही वर केली नव्हती. बायकोनं मेनूकार्ड खाली ठेवलं. तिला आता लपायचं कारण उरलं नव्हतं.

बिलात सेवाशुल्क आपोआप लावायचं नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये बजावलंय. म्हणजे टिप माझ्या मर्जीची, आणि मर्जी दाखवायची मला भारी हौस. पन्नासाची नोट बडीशेपेच्या वाटीखाली ठेवली आणि या खेपेला त्यांच्याकडं नीट बघत राहिलो.

त्यांचं लक्ष नव्हतं. सात नंबरवर कुणीतरी चुटकी वाजवत होतं.