अपग्रेडचे पंचांग

प्रस्तुत मार्गदर्शन भोसरी एमआयडीसीत गाळा असलेल्या आणि पाच-सात माणसांत मोल्ड, फिक्स्चर किंवा शीटमेटलचे काम उरकणाऱ्या मालकांसाठी आहे. मोठ्या कंपन्यांना याची गरज नाही. त्यांच्याकडे आयटी विभाग असतो, म्हणजे चूक कोणाच्या माथी मारायची हे आधीच ठरलेले असते. आपल्याकडे मालक, दोन डिझायनर, हिशेब सांभाळणाऱ्या वहिनी आणि २०१५ साली घेतलेला एक कायमचा परवाना, एवढाच संसार.

अपग्रेडची इच्छा मालकाला स्वतःहून कधीच होत नाही. कस्टमरकडून एक फाइल येते, ती उघडत नाही, आणि डिझायनर म्हणतो, "सर, आपलं व्हर्जन जुनं आहे." हे वाक्य त्याने बरेच दिवस राखून ठेवलेले असते. अशा वेळी मालकाने रिसेलरचा नंबर न शोधता शांतपणे विचारावे, की फाइल कशातली आहे?

ऑटोकॅडची असेल तर चहा मागवावा. ऑटोकॅड दरवर्षी नव्या सालाचे येते, पण डीडब्ल्यूजी फाइलचा साचा दरवर्षी बदलत नाही. २०१३ च्या आवृत्तीत आलेला साचा २०१७ पर्यंत चालला आणि २०१८ च्या आवृत्तीत आलेला पुढे कित्येक वर्षे तसाच राहिला. म्हणजे कस्टमरने २०२५ चे ऑटोकॅड घेतले म्हणून २०१८ वाल्याचे काहीही अडत नाही. २०१५ वाल्याने ऑटोडेस्कचेच फुकटचे डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू उतरवून घ्यावे आणि फाइल जुन्या साच्यात बदलून डिझायनरच्या हाती द्यावी. डिझायनरचा चेहरा पडेल, तिकडे पाहू नये.

सॉलिडवर्क्सचे तसे नाही. तिथे नव्या आवृत्तीची फाइल जुनीत उघडायची नाही, हाच रिवाज. २०२४ पासून दोन आवृत्त्या मागे सेव्ह करण्याची सोय आली खरी, पण ती मिळाली नवी आवृत्ती असलेल्याला, म्हणजे ज्याला तिची गरज नाही त्याला. तेव्हा कस्टमरच्या इंजिनिअरला गोड आवाजात फोन करून "साहेब, जरा मागच्या व्हर्जनला सेव्ह करून पाठवता का?" असे विचारावे. तो "बघतो" म्हणेल. "बघतो" म्हणजे नाही. मग स्टेप फाइल मागावी. आयएसओ १०३०३ हे तिचे सरकारी नाव, आणि १९९४ पासून ती भांडखोर सॉफ्टवेअरांमध्ये दुभाषाचे काम करते आहे. तिच्यात आकार येतो, फीचर ट्री येत नाही. भोक कितीचे आहे ते कळते, कसे पाडले ते कळत नाही. कोटेशनला, कॅमला आणि बहुतेक मोल्डच्या कामाला एवढे पुरते. कस्टमर दर आठवड्याला डिझाइन बदलणारा असेल तर पुरत नाही, आणि तिथेच अपग्रेडचा योग सुरू होतो.

आता मुहूर्त. या शास्त्रात नवीन वर्ष चार वेळा येते. सॉलिडवर्क्सवाल्या दासोचे वर्ष ३१ डिसेंबरला संपते, ऑटोडेस्कचे ३१ जानेवारीला, सीमेन्स आणि पीटीसीचे ३० सप्टेंबरला, आणि आपल्या रिसेलरचे, अर्थातच, ३१ मार्चला. शिवाय प्रत्येकाची तिमाही अखेर असते, तिचे पुण्य थोडे कमी. या तिथींना विक्रेत्याचा मुलगा फोन करतो आणि "सर, ही स्कीम फक्त आजच्या दिवसापुरती आहे" असे सांगतो. स्कीम मागच्या तिमाहीतही त्याच दिवसापुरती होती. मालकाने "वहिनींना विचारून सांगतो" एवढेच म्हणून व्हीएमसीपाशी जाऊन उभे राहावे, तिथे फोन ऐकू येत नाही. दुपारी एक सूट वाढते, संध्याकाळी दुसरी, आणि रात्री आठनंतर त्याचा मॅनेजर स्वतः फोन करून ट्रेनिंग फुकट देतो.

मात्र हा खेळ पहिल्यांदा घेणाऱ्याचा. सबस्क्रिप्शन चालू असलेल्याने तो खेळायला जाऊ नये, कारण त्याची मुदत ज्या रात्री संपते त्याच्या दुसऱ्या दिवशी ड्रॉइंग उघडत नाही, हे विक्रेत्यालाही पाठ असते. त्याने आधीच सगळ्या परवान्यांची मुदत एकाच तारखेवर आणून घ्यावी आणि ती तारीख विक्रेत्याच्या वर्षअखेरीस पडेल असे पाहावे. एवढे एक काम केले तरी या लेखाचे पैसे वसूल.

कायमचा परवाना हा आता पुराणातला विषय होत चालला आहे. ऑटोडेस्कने ३१ जानेवारी २०१६ नंतर ऑटोकॅडचे कायमचे परवाने विकणे बंद केले. ज्यांनी त्याआधी घेतला ते आजही त्याच्याविषयी वडिलोपार्जित जमिनीच्या सुरात बोलतात. आता तिथे सगळे भाड्याने, हवे तर तीन वर्षांचे भाडे एकदम. वहिनी इथे एक अडचणीचा प्रश्न विचारतात. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे आपले पैसे ४५ दिवसांत यायला हवेत, ते येतात नव्वद दिवसांनी, आणि त्यातून आपण दुसऱ्याला तीन वर्षांचे आगाऊ द्यायचे? यावर सीए सांगतो, की जीएसटी १८ टक्के आहे पण त्याचे क्रेडिट मिळेल, विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरवर ४० टक्के घसारा मिळेल, भाडे असेल तर ते खर्चात जाईल. सांगताना त्याचा सूर असा असतो, की सॉफ्टवेअर घेतल्यावर पैसे उरतात.

परवाने किती घ्यायचे, हा प्रश्न गणिताचा वाटतो, पण तो मानापमानाचा आहे. गाळ्यात खरोखर मॉडेल काढणारी माणसे दोन. क्वालिटीवाल्याला फक्त माप बघायचे असते. त्याला फुकटचे ईड्रॉइंग्ज पुरते. महिन्यातून चार दिवस लेआउट काढणाऱ्याला ऑटोडेस्कची दिवसावर चालणारी टोकन स्वस्त पडतात, फक्त ती वर्षभरात वापरावी लागतात, नाहीतर वाया जातात. मग यादीतला तिसरा परवाना कुठे जाणार? मालकाच्या केबिनमध्ये, सगळ्यात मोठ्या स्क्रीनवर. त्याचा उपयोग कस्टमर आला की मॉडेल गरगर फिरवून दाखवणे हा. तेही ईड्रॉइंग्जमध्ये फिरते. ही बचत डिझायनरने सुचवू नये. वहिनींनी सुचवावी.

फुकटचा मार्ग काय? ड्राफ्टसाइटवर अनेकांचा संसार सुखाने चालला होता; २०१९ अखेर त्याची फुकट आवृत्ती चालायची थांबली. फ्रीकॅड २००२ पासून आहे आणि त्याचे १.० व्हायला २०२४ चा नोव्हेंबर उजाडला. दरवर्षी नवे साल लावणाऱ्यांच्या गर्दीत एवढा संकोच दुर्मीळ म्हणायचा. फिक्स्चरपुरते काम ते करून देते. फुकटचा दुसरा मार्ग पेनड्राइव्हवरून येतो आणि त्याला 'क्रॅक' म्हणतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ६३ ब हे कलम जाणूनबुजून अशी प्रत वापरणाऱ्याला किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड सांगते. त्यातून जाणूनबुजून नव्हते असे म्हणावे, तर इन्स्टॉल करण्याआधी अँटीव्हायरस कोणी बंद केला, हा प्रश्न उरतो.

कोटेशनवर न दिसणारा खर्च शेवटी येतो. नव्या आवृत्त्या जुने विंडोज एकेक करून सोडून देतात. विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला काढून घेतला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० हवे, इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. म्हणजे सॉफ्टवेअर घ्यायला गेलेला मालक तीन कॉम्प्युटर घेऊन परततो. कॅम बदलले तर पोस्ट प्रोसेसर नव्याने तपासावा लागतो. पहिला प्रोग्रॅम ड्राय रन न करता चालवणाऱ्यांसाठी नव्या स्पिंडलचा खर्च वेगळा धरावा. ट्रेनिंग मात्र दोन्ही डिझायनरांना द्यावे. नवे सॉफ्टवेअर शिकला की एक जण चाकणला जातोच, जास्त पगारावर.

हे सगळे कोणी भरायचे? ज्याच्या फाइलीमुळे घरात हा प्रसंग आला त्याने. पुढच्या कोटेशनमध्ये 'सॉफ्टवेअर खर्च' अशी स्वतंत्र ओळ टाकावी, वर्षाचे भाडे वर्षाच्या डिझाइन तासांनी भागून. पर्चेसचे साहेब ती खोडणार, कारण काहीतरी खोडल्याशिवाय त्यांना फाइल पुढे सरकवता येत नाही. म्हणून तिच्याच वर 'स्पेशल पॅकिंग' अशी एक ओळ, आकडा जरा मोठा घालून, त्यांना खोडण्यासाठी ठेवून द्यावी.