ऐकलंत का, थिबाच्या लेकीचं?

अहो, या ना जरा कुंपणाशी. मोठ्यानं नाही बोलता येत. कालच्या भिशीत काय झालं, ऐकलंत का?

त्या इंजिनियरच्या आई स्पेनहून आल्यात ना, आल्या तशा मोबाइल काढून बसल्या. सान सेबास्तियान म्हणे! ते ला कोंचाचं अर्ध्या चंद्रासारखं पाणी, मधे सांता क्लारा बेट, काडीला टोचलेली ऑलिव्ह-मिरची... आणि तिथली राणी मारिया क्रिस्तिना, दर उन्हाळ्यात यायची म्हणून १८९३ साली समुद्रावर महालच बांधलान. आपण आपलं "अय्या" म्हणतोय.

तेवढ्यात मास्तरीणबाई! त्याही रत्नागिरीहून परवाच परतल्यात. गोंदियाहून महाराष्ट्र एक्स्प्रेसनं कोल्हापूर, पुढे एसटीनं आंबा घाट, कंबरेचे टाके ढिले. हळूच म्हणतात कशा, "तुमची राणी हौसेनं यायची हो. आमच्या रत्नागिरीला अख्खा राजा कैदेत होता."

झालं! सगळ्यांचे कान तिकडे.

थिबा हो, ब्रह्मदेशचा. १८८५ला इंग्रजांनी गादीवरून खाली ओढला, पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवला. राजवाडा मिळाला कधी, तर १९१० साली! आणि १९१६ला गेलाच बिचारा. टेकडीवरून भाट्याचा समुद्र दिसतो म्हणे, सुरूचं बन, काजळी नदी येऊन मिळते तिथं. पण परवानगीशिवाय कुठं जायची सोय नाही. असलं सुख काय कामाचं, तुम्हीच सांगा.

तर काय सांगत होते... हां, त्याची थोरली लेक! दाराशी गोपाळ सावंत नावाचा दरवान. घरी लग्नाची बायको, बरं का! आणि राजकन्येला त्याच्यापासून मुलगी झाली, तुतू. तिच्या आईच्या, राणी सुपयालतच्या जिवाचं काय झालं असेल! ती तुतू पुढं रत्नागिरीतच राहिली, गरिबाचा संसार केला. राजाची नात, पण बोलायची आपल्यासारखी मराठी.

इंजिनियरच्या आईंचा चेहरा बघायला हवा होतात. मोबाइल तसाच पुढे धरलेला, स्क्रीन काळी झाली तरी कुणाचं लक्ष नाही. मला वाटलं आता उठून जातात. तर त्याच विचारतात, "मग त्या सावंताच्या बायकोनं काय केलं हो?"

मास्तरीणबाईंनी बशीतला चहा सावकाश संपवला. "पुढच्या भिशीत सांगते."

आणि पुढची भिशी माझ्याकडे! कधी न येणाऱ्यासुद्धा येतो म्हणाल्यात. तुमचं मोठं पातेलं रिकामं आहे का हो?