यंत्रदेवाची कृपा

१९८७ साली ब्रिटनमध्ये आलेल्या ‘वॉरहॅमर ४०,०००’ या युद्धखेळातलं भविष्य मोठं भाविक आहे. मंगळावरच्या यंत्र-पुरोहितांना यंत्र का चालतं हे फारसं ठाऊक नसतं. पण तोफ अडली की पवित्र तेल, धूप आणि मंत्र तयार! नवा शोध लावणं हे पाखंड. जुना आराखडा सापडायची शक्यता असली, की मात्र अख्ख्या फौजा पणाला लागतात. (संशोधनावरचा खर्च वाचतो, हेही खरंच.) साध्या शिपायाच्या वाट्याला येते लेसर बंदूक. तिची बॅटरी उतरली तर चक्क शेकोटीत टाकून भरता येते, ही सोय बाकी झकास. समोर धिप्पाड राक्षस उभा असेल तर ती विजेरीइतकीच कामाची, असं खेळाडूच म्हणतात. पण तिच्यात आत्मा असतो म्हणे, म्हणून तिला जपायचं. शिपाई काय, दुसरा भरती होतो.