अठराव्या वर्षी स्वमग्नता बरी करणाऱ्या साहेबांना

मा. साहेब,

'हे केंद्र अठरापर्यंतच,' असं म्हणून गेल्या आठवड्यात आपण माझ्या २४ वर्षांच्या मुलाला एका वाक्यात बरं केलंत. इतकी वर्षं स्पीच थेरपी नि ऑक्युपेशनल थेरपीवर उगाच पैसे घातले. आधीच तुमची खिडकी गाठायला हवी होती.

जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र शून्य ते अठरासाठीच असतं, तो नियम तुमचा नाही, मान्य. पण पुढे जायचं कुठे, यावर 'नेटवर बघा' हे उत्तर कुठल्या जीआरमध्ये आहे?

कागदोपत्री आमची चंगळच आहे. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा, २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा, 'निरामय'चा एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा, प्रौढांच्या निवासासाठी 'घरौंदा'. आपल्या जिल्ह्यात घरौंदा कुठे, असं विचारलं तर म्हणालात, 'सापडलं तर आम्हालाही कळवा.' कायदेशीर पालकत्व देणारी समिती जिल्हाधिकाऱ्यांकडे असते, हेसुद्धा तुम्हाला मीच सांगितलं.

तेही सोडा. डोक्यात गेलं ते वेगळंच. मुलगा तुमच्यासमोर उभा आणि तुम्ही मला विचारता, 'याला समजतं का काही?' टोकनच्या आरडाओरड्यात कानांवर हेडफोन दाबून तो मोबाइलवर लिहीत होता, 'आवाज फार आहे. बाहेर थांबू?' तुम्ही हसलात, 'मोबाइल बरा चालवता येतो!' अहो, ते त्याचं बोलणं होतं! तुम्हाला उद्देशून होतं. वाचायचे तरी कष्ट घ्यायचे!

निघताना मात्र हळूच म्हणालात, 'माझा भाचाही असाच आहे. चौदाचा.' दुपारचे तीन वाजले होते, तुमचा डबा तसाच होता आणि रांग दारापर्यंत. तेव्हा तुमचा राग धरवेना. चार वर्षांनी तुमची बहीण हाच प्रश्न घेऊन येईल, साहेब. तिलाही नेटवरच धाडणार?

त्यापेक्षा खिडकीवर एक कागद चिकटवा: पालकत्वाचा अर्ज कुठे द्यायचा, निरामयचा फॉर्म कोण भरून देतं, प्रौढांना कामाला लावणाऱ्या कार्यशाळा कुठे आहेत, पालकांचा गट कुठे भेटतो. पत्ते आम्ही पालक देतो, नाही तरी एकमेकांना तेच पुरवत जगतोय. टायपिंग माझा मुलगा करील. त्याचं शुद्धलेखन तुमच्या दारावरच्या पाटीपेक्षा बरं आहे.

आपली,
एका 'बऱ्या झालेल्या' मुलाची आई