खंबाटकी, ओहायो

माझ्या गाडीची कंपनी मी सांगणार नाही. डेट्रॉइटच्या आसपास राहणाऱ्या माणसाने आपली कंपनी सांगितली की निम्मे मित्र जागच्या जागी तुटतात, आणि महाराष्ट्र मंडळात माझे जे काही उरलेत त्यांच्याकडे गणपतीला उकडीचे मोदक असतात. एवढंच सांगतो की गाडी १९६८ची आहे, दोन दारांची, गडद हिरवी. पुढे व्ही-एट इंजिन आहे. मागून जे काही येतं तो शेजाऱ्यांचा विषय आहे.

अशा गाड्यांना इथे मसल कार म्हणतात. मी तिच्यातून उतरलो की लोक हा शब्द जरा जपून वापरतात.

मसल कारचा जन्म एका पळवाटेतून झाला, हे मला फार आवडतं. जनरल मोटर्सचा नियम असा की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. पाँटिॲकचे इंजिनिअर जॉन डीलोरियन आणि मंडळींनी १९६४च्या मॉडेलांसाठी नवी गाडी काढलीच नाही. आहे त्याच टेम्पेस्टवर ‘जीटीओ’ नावाचं ऐच्छिक पॅकेज जाहीर केलं आणि त्यात ३८९ घन इंचांचं इंजिन ढकललं. नियम गाडीला होता, पॅकेजला नव्हता. यातल्या एकाने तरी आपल्याकडच्या तहसील कचेरीत उमेदवारी केली असणार.

त्या काळातल्या हॉर्सपॉवरवर मात्र जाऊ नये. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत कंपन्या जो आकडा छापत, तो इंजिन गाडीबाहेर स्टँडवर ठेवून, एअर फिल्टर, अल्टरनेटर, सायलेन्सर यांतलं काहीही न जोडता मोजलेला असे. लग्नाच्या बायोडाटातल्या पगारासारखा. १९७२च्या मॉडेलांपासून खरा आकडा छापायला लागल्यावर एका रात्रीत सगळ्या अमेरिकेच्या गाड्या अशक्त झाल्या. सिग्नल हिरवा झाला की बायकोची सहा सिलिंडरची सेडान मला निवांत मागे टाकते. तिकडे शर्यत चालू आहे याचा तिला पत्ताही नसतो.

तर ही गाडी द्यायची आणि नवी स्पोर्ट्स कार घ्यायची, असं माझ्या मनात आलं. ‘जुनं ते सोनं’ म्हणणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो. त्यांनी एकदा ओल्या रस्त्यावर, चारी चाकांना ड्रम ब्रेक असताना, पुढच्या ट्रकचे लाल दिवे जवळ येताना बघावेत. मग सोन्याचं बोलावं.

केंटकीमधल्या बोलिंग ग्रीन गावाच्या परिसरात एका डीलरकडे सेकंडहँड कॉर्व्हेट होती, आठव्या पिढीची, म्हणजे इंजिन मागे असलेली. कॉर्व्हेट १९८१पासून याच गावात बनते, तिचं संग्रहालयही तिथेच. बेत सरळ होता: जुनी द्यायची, वर पैसे घालायचे, नवी चालवत परत यायचं. डेट्रॉइटहून अंतर साडेचारशे मैलांच्या वर. बायको म्हणाली, “अहो, मीही येते. पैसे वर किती घालताय ते मला बघायचंय.”

जुलै महिना. गाडीला एसी नाही. खिडक्या हाताने फिरवायच्या, आणि बायकोच्या बाजूचं हँडल मी ‘नंतर बघू’ या यादीत ठेवलेलं. टोलेडो मागे पडलं, मक्याची शेतं सुरू झाली, ती संपेचनात. वापाकोनेटा गाव यायच्या जरासं आधी गाडीने एक आचका दिला, मग दुसरा, आणि सगळा जोर गळाल्यागत ती रस्त्याच्या कडेला जाऊन थांबली. वापाकोनेटा हे नील आर्मस्ट्राँगचं जन्मगाव. हायवेलगत त्याच्या नावाचं घुमटाकार संग्रहालय आहे, ते आम्ही बाहेरूनसुद्धा नीट पाहिलं नाही. तो माणूस या गावातून चंद्रापर्यंत गेला. माझी गाडी या गावापर्यंत गेली नाही.

“पेट्रोल?” बायकोने विचारलं.

“अर्धी टाकी आहे.”

“काटा चालतो का?”

लग्नाला इतकी वर्षं झाली की माणसाला कुठे बोट ठेवायचं ते बरोबर कळतं. काटा चालत होता.

बॉनेट उघडलं तर आतून भट्टीचा झोत आला. दुपारचे दोन वाजलेले, म्हणजे भारतात रात्रीचे साडेअकरा. मी कऱ्हाडला व्हिडिओ कॉल लावला.

बाबांविषयी इथे सांगायला हवं. कऱ्हाडला त्यांचं गॅरेज होतं. फियाट, ॲम्बॅसेडर, जीप, जे येईल ते. पहिल्यांदा ते अमेरिकेत आमच्याकडे आले तेव्हा पहिले काही आठवडे खिडकीशी बसून असायचे. शेजाऱ्याशी बोलावं तर भाषा नाही, चालत कुठे जावं तर पोचायला काही नाही. नातवंडं ‘हाय आजोबा’ म्हणून जिना चढून जायची. मग एका दुपारी ते माझ्या गॅरेजमध्ये शिरले आणि बॉनेट उघडलं. संध्याकाळी मी ऑफिसातून आलो तर जमिनीवर वर्तमानपत्र, त्यावर कार्ब्युरेटर सुटा करून मांडलेला, आणि बाबा एक जेट दोन बोटांत धरून, एक डोळा मिटून ट्यूबलाइटकडे बघतायत. फुंकर मारली, पुन्हा बघितलं. “कचरा होता,” म्हणाले. मग ते चार थ्रोटचं धूड हातात घेऊन विचारलं, “फियाटला एक पुरायचा. हे चार तोंडांनी पितं किती?” मी म्हणालो, गॅलनला अकरा मैल. त्यांनी मनातल्या मनात लिटर-किलोमीटर केलं: जेमतेम पावणेपाच. त्यावर काही न बोलता त्यांनी दुसरा जेट उचलला. त्या रात्री ते जेवले नीट.

आता बाबा बनियनवर, चष्मा कपाळावर, मागे आई झोपमोडीची कुरकुर करतेय.

“आरं, खंबाटकीत व्हायचं तेच झालंय,” ते म्हणाले. “पंप तापलाय. ओलं फडकं टाक पंपावर.”

ज्यांनी कार्ब्युरेटरच्या फियाटमधून मे महिन्यात पुणे-सातारा प्रवास केला असेल त्यांना खंबाटकीचा घाट, कडेला बॉनेट उघडून उभ्या गाड्या आणि पाण्याचे डबे घेऊन उभे वडील आठवतील. प्रकार असा आहे. जुन्या गाडीत पेट्रोलचा पंप इंजिनालाच टेकवून बसवलेला असतो आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. इंजिन फार तापलं की ओढून आणलेलं पेट्रोल वाटेतच उकळून त्याची वाफ होते, आणि पंप वाफ ढकलत बसतो. नव्या गाड्यांत विजेचा पंप टाकीतच बुडवलेला असतो. तो पेट्रोल दाबाने पुढे ढकलतो, म्हणून त्यांना हा रोग नाही. त्यात हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथे दहा टक्के इथेनॉल. त्याने वाफ आणखी लवकर होते.

“आपल्याकडे आता वीस टक्के झालंय,” बाबा अभिमानाने म्हणाले की तक्रारीने, ते कळलं नाही.

फडकं शोधताना बायकोने आपला टॉवेल पिशवीच्या तळाशी सरकवला आणि माझा आंघोळीचा पंचा काढून दिला. तो पाण्याच्या बाटलीने भिजवून मी गाडीखाली हात घालतोय, एवढ्यात एक पिकअप येऊन थांबला. सत्तरीपुढचे गृहस्थ उतरले. डोक्यावर बियाण्याच्या कंपनीची टोपी, खिशात टायर प्रेशरचा गेज. त्यांनी इंजिनाकडे बघून मान हलवली, “व्हेपर लॉक,” म्हणाले आणि गाडीतून लाकडी चिमट्यांची पिशवी आणली. कपडे वाळत घालायचे चिमटे. पेट्रोलच्या नळीवर दोन-दोन इंचांवर ते एकेक चिमटा लावत सुटले.

“ते काय करतायत?” कऱ्हाडहून प्रश्न आला.

“चिमटे लावतायत, बाबा. लाकूड उष्णता ओढून घेतं म्हणे.”

“त्यांना म्हणावं, चिमटे धोतराला लावा. फडकं आधी.”

“माझे वडील म्हणतात, आधी ओलं कापड,” मी इंग्रजीत.

“कापड वाळतं,” टोपीवाले म्हणाले. “चिमटे वाळत नाहीत.”

“ते म्हणतात कापड वाळतं.”

“मग परत भिजव! पाणी संपलं का तिकडं?”

यापुढचा अर्धा तास मी दुभाष्याचं काम केलं. एकाने मक्याच्या शेतात आणि दुसऱ्याने कऱ्हाडच्या शनिवार पेठेत आयुष्य काढलेलं. पैकी कुणीच मागे हटेना. मोबाइल मी पंपासमोर धरायचा, मग टोपीसमोर, मग परत पंपासमोर. मध्येच टोपीवाल्यांनी स्क्रीनमध्ये वाकून विचारलं, “फियाटला पॉइंट्स कुणाचे होते?” आणि बाबांनी प्रश्नाचं भाषांतर व्हायच्या आत उत्तर दिलं. पुढे दोघांना माझी गरज लागेना. डिस्ट्रिब्युटर, कंडेन्सर, चोक, फ्लोट: ज्या शब्दांत त्यांची भाषा होती ते दोन्हीकडे सारखेच होते. बायको सावलीसाठी पिकअपच्या आडोशाला बसून चिवडा खात होती. तिने टोपीवाल्यांनाही दिला. त्यांनी मिरचीचा तुकडा चावला आणि काही काळ पंपाविषयी त्यांचं मत थांबलं.

शेवटी मी किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं आणि धडधडलं.

“चिमटे,” टोपीवाले म्हणाले.

“फडकं,” बाबा म्हणाले.

तापलेलं इंजिन अर्धा तास उभं राहिलं की आपोआप थंड होतं आणि चालू होतं, हे शास्त्र मला ठाऊक होतं. ते मी दोघांनाही सांगितलं नाही. टोपीवाल्यांनी पैसे घेतले नाहीत, चिमटेही परत घेतले नाहीत.

सिनसिनाटीच्या आधी ऊन उतरलं आणि गाडी शहाण्यागत चालली. केंटकीच्या टेकड्या हिरव्या आहेत. दुसऱ्या दिवशी आधी संग्रहालयात गेलो. बोलिंग ग्रीनच्या संग्रहालयात २०१४च्या फेब्रुवारीत जमीन खचून आठ कॉर्व्हेट खड्ड्यात गेल्या. खाली चुनखडकाच्या गुहा आहेत. तीन दुरुस्त केल्या, बाकीच्या तशाच चेपलेल्या मांडून ठेवल्यात, आणि लोक चांगल्या गाड्या सोडून त्यांच्याभोवती उभे असतात. बायको म्हणाली, “यांना कुणी बरी किंमत दिली असती का हो?” तिचं लक्ष व्यवहारावर होतं.

डीलरकडे तरुण विक्रेत्याने गाडीला ‘क्यूट’ म्हटलं. ते मी गिळलं. मग तो तिचा नंबर कॉम्प्युटरमध्ये घालायला लागला. हल्लीच्या गाडीचा नंबर सतरा अक्षरांचा असतो, पण ही पद्धत १९८१च्या मॉडेलांपासूनची. माझ्या गाडीचा नंबर त्याआधीचा, आखूड. कॉम्प्युटरने तो घेतला नाही. तरुणाने तीनदा घातला. “सर,” तो शेवटी म्हणाला, “सिस्टीमच्या मते ही गाडी नाही.” गाडी काचेबाहेर उभी होती, नळीवर चिमटे लावून. मॅनेजर आला आणि त्याने अंदाजाने एक आकडा सांगितला. तो ऐकून बायको संग्रहालयातल्या चेपलेल्या गाड्यांविषयी पुन्हा बोलली.

नवी गाडी चालवून पाहिली. हिच्याबद्दल खोटं बोलणं अशक्य आहे. ४९० हॉर्सपॉवर, आणि हे खरे. शून्यापासून साठ मैलांचा वेग तीन सेकंदांच्या आसपास. क्लचचं पेडल नाहीच. वळणावर ती रस्ता सोडत नाही, ब्रेक दाबला की थांबते, आणि आत एसी आहे. गाडीची उंची मात्र जेमतेम चार फूट. आत शिरताना मी शिरलो, गुरुत्वाकर्षण माझ्या बाजूने होतं. उतरताना डावा पाय बाहेर आला, उजवा गुडघा स्टिअरिंगखाली राहिला आणि मधला मी कुठल्याच बाजूचा राहिलो नाही. विक्रेत्याने एक हात धरला, मॅनेजरने दुसरा. बायकोने व्हिडिओ काढून तिथूनच कऱ्हाडला पाठवला.

लगेच फोन आला. माझी चौकशी बाबांनी केली नाही.

“इंजिन कुठंय तिचं?”

“मागे. काचेखाली.”

“उघडतं का?”

“उघडतं, बाबा. पण वरून सगळी झाकणं आहेत. हात घालायला जागा नाही. बिघडली तर कॉम्प्युटर लावून बघतात.”

थोडा वेळ काही नाही.

“आणि जागा दोघांचीच?”

“हो.”

“मग मी आलो की काय करू?”

मी मॅनेजरला विचार करून सांगतो म्हणालो. त्याला अर्थ कळला. त्याने लगेच कॉम्प्युटर बंद केला. आम्ही जेवून रात्री निघालो, गारव्यात, आणि गाडी वाटेत कुठेही थांबली नाही. वापाकोनेटा तर झोपेतच गेलं, निदान बायकोच्या.

तुमच्यापैकी कुणाच्या मनात असाच विचार असेल तर माझं मत असं आहे: नवी गाडी सर्व बाबतींत सरस आहे. गुडघे धड असतील आणि घरी गाड्या खोलणारं कुणी नसेल, तर बिनदिक्कत घ्यावी. जुनीच ठेवणार असाल तर उन्हाळ्यात दुपारी लांब जाऊ नका, पंचा जवळ ठेवा, आणि चिमटे लाकडीच घ्या. प्लास्टिकचे वितळतात.