बडा घर आणि अण्णा

माठ ठोकून घ्यावा, नारळ वाजवून घ्यावा, कलिंगडावर टिचकी मारून कान लावावा, इथवर आपण सगळेच असतो. आमचे थोरले साडू अण्णा इथून पुढे सुरू होतात.

बांधकाम खात्यात हयात घालवून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना कुठलीही उभी वस्तू दिसली की उजव्या हाताचं मधलं बोट आपोआप वाकतं आणि पेराचे दोन ठोके पडतात. पहिला ठोका वस्तूला जागं करायला, दुसरा तिची जबानी घ्यायला. आवाज खणखणीत आला तर 'भरीव', बद्द आला तर 'पोकळ'. निकाल एका शब्दात, वर अपील नाही. नव्या फ्लॅटची फरशी तपासायला कुणी बोलावलं तर अण्णा खिशातून खडू काढतात आणि पोकळ वाजेल त्या टाइलवर फुली मारत जातात. मागून चालणारा ठेकेदार फुल्या मोजतो आणि घाम पुसतो. तिथे त्यांच्या बोटाला मान आहे. अडचण अशी की बोटाला फ्लॅट आणि बाकीचं जग यातला फरक कळत नाही.

लेकीसाठी पहिलं स्थळ बघायला गेले तेव्हा मुलाशी बोलण्याआधी ते त्याच्या बंगल्याच्या भिंतीशी बोलले. भिंत काय म्हणाली ते पोहे यायच्या आत जाहीर केलं. स्थळ मोडलं. पुढच्या वेळी त्यांच्या पत्नीनं, म्हणजे आमच्या ताईंनी, त्यांना दिवाणखान्याच्या बरोबर मध्यावरच्या खुर्चीत बसवलं, चारी भिंतींपासून लांब. तो मुलगा आज त्यांचा जावई आहे.

एकदा गणपतीत एका मंडळानं राजवाडा उभा केला होता. अण्णांनी रांग सोडली आणि खांब वाजवला. कार्यकर्ता धावत आला. "काका, हात नका लावू, संगमरवरी काम आहे!" अण्णा म्हणाले, "फायबर आहे." कार्यकर्त्याचा चेहरा पडला. अण्णा पुढे म्हणाले, "पण सांधा काय मारलाय! कुठे दिसत नाही." हे दुसरं वाक्य कुणी ऐकलंच नाही, कारण तोवर मागच्या लोकांनी ढकलाढकली सुरू केली होती. अण्णांचं आयुष्यभर हेच झालं आहे. त्यांचं पहिलं वाक्य ऐकून लोक चिडतात आणि दुसऱ्यासाठी थांबत नाहीत.

लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला लेकीनं आईवडिलांना हाँगकाँगच्या डिस्नेलँड हॉटेलात तीन रात्री ठेवायचं ठरवलं. सोबतीला मावशी आणि काका हवेत म्हणून आमचीही तिकिटं निघाली. काका हवेत म्हणजे अण्णांना धरायला एक माणूस हवा, हे मला विमानात कळलं. कारण अण्णांना तिथे नेणं म्हणजे फौजदाराला रजेवर चोरबाजारात राहायला पाठवणं. बागेला लागून असलेलं ते हॉटेल मुळातच सोंग आहे. बाहेरून राणी व्हिक्टोरियाच्या काळातला महाल, गच्च्या, कमानी, उतरती छपरं, आत झुंबरं, 400 खोल्या; आणि उद्घाटन 12 सप्टेंबर 2005 चं, बागेच्या बरोबरच.

सनी बे स्टेशनला गाडी बदलली तिथेच नांदी झाली. पुढची लोकल फक्त डिस्नेलँडसाठी धावते, तिच्या खिडक्या मिकीच्या डोक्याच्या आकाराच्या, हातात धरायच्या कड्यासुद्धा तशाच. लेकीची मुलगी, अण्णांची नात, टाळ्या पिटत होती. अण्णांनी खिडकीची चौकट वाजवली, मग पार पुढच्या डब्यात जाऊन आले. "ड्रायव्हर नाहीये," ते मला म्हणाले, "केबिनच पोकळ."

हॉटेलात शिरल्यावर सामान खोलीत जायच्या आत त्यांनी स्वागतकक्षातले चार खांब उरकले होते. पाचव्यापाशी एक कोटातली मुलगी हसत आली आणि काही मदत हवी का विचारलं. अण्णा खात्यातल्या इंग्रजीत म्हणाले, "नो नो, ओन्ली इन्स्पेक्शन." हा शब्द ऐकल्यावर जगातल्या कुठल्याही कर्मचाऱ्याची पाठ ताठ होते. दोन मिनिटांत तिच्याहून वरच्या हुद्द्याचे दोघं जण आले आणि अण्णांबरोबर अदबीनं चालू लागले. लेकीनं मध्ये पडून खुलासा केला. अण्णांना तो आवडला नाही. निवृत्तीनंतर इतक्या शिस्तीत त्यांच्यामागून कुणी चाललं नव्हतं.

लिफ्टमध्ये तीनच्या वरचं बटण पाच. "चौथा मजला कुठे गेला?" अण्णांनी विचारलं. चिनी भाषेत चार हा आकडा मरण या शब्दासारखा ऐकू येतो, म्हणून तिथे तो ठेवतच नाहीत, असं लेकीनं सांगितलं. अण्णा गंभीर झाले. "आमच्या खात्यात जागेवर नसलेला मजला निदान बिलात तरी सापडायचा."

ताई मात्र खूश. त्यांचा वास्तुशास्त्रावर विश्वास आहे आणि ईशान्येचा संडास हलवावा म्हणून त्या गेली वीस वर्षं अण्णांच्या मागे आहेत. त्यांना इथे अख्खं डिस्नेलँड आपल्या बाजूचं मिळालं. फेंगशुईवाल्यांच्या सल्ल्यानं बागेचं प्रवेशद्वार 12 अंशांनी फिरवलं आहे. स्टेशनाकडून येणाऱ्या वाटेला मुद्दाम वळण दिलं आहे, सरळ वाटेनं चांगली ऊर्जा वाहून समुद्रात जाऊ नये म्हणून. हॉटेलातलं मोठं दालन 888 चौरस मीटरचं, कारण आठ हा बरकतीचा आकडा. ताईंनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अमेरिकेच्या माणसांनी फाटक फिरवलं. तुमच्यानं एक संडास फिरवला जाईना." अण्णा त्या वेळी एका कमानीची जबानी घेत होते, म्हणून वाचले.

चिनी जेवणाच्या हॉटेलात स्फटिकाची कमळं आहेत, बरोबर 2,238. तो आकडा कँटोनीजमध्ये 'पैसा सहज येवो' असा काहीसा वाजतो. "मोजली कुणी?" अण्णा म्हणाले. सूप निवलं, अण्णा एकसष्टवर चुकले, पुन्हा एकपासून लागले. शेवटी खात्याचा नियम कामी आला: वरिष्ठानं दहा टक्के तपासावं. दोनशे चोवीस कमळं मोजून त्यांनी मान हलवली. "बरोबर आहेत." बाकीच्यांचं काय, हे विचारायची सोय नव्हती. दहा टक्के तपासणीवर महाराष्ट्रातले पूल उभे आहेत.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते मला घेऊन समुद्राकाठच्या वाटेनं फिरायला निघाले. थोडं चालल्यावर बागेचंच दुसरं हॉटेल आलं, हॉलिवूडच्या जुन्या दिवसांचं सोंग घेतलेलं, आर्ट डेको घडणीचं. अण्णा थबकले. मागे वळून व्हिक्टोरियन महाल पाहिला, पुढे आर्ट डेको पाहिलं, आणि लहान मुलासारखे ओरडले, "अहो, हे तर ओव्हल मैदान!"

आणि खरंच होतं ते. मुंबईत ओव्हलच्या एका अंगाला हायकोर्ट, विद्यापीठ, राजाबाई टॉवर, सगळा व्हिक्टोरियन दगडी दरबार. समोरच्या अंगाला एकोणीसशे तीसच्या दशकातल्या गोल कोपऱ्यांच्या, लाटांसारख्या बाल्कन्यांच्या आर्ट डेको इमारती. दोन्हींना मिळून 2018 साली युनेस्कोनं जागतिक वारसा ठरवलं. अण्णांची ऐन उमेदीची वर्षं त्याच भागात, जुन्या सरकारी इमारतींच्या दुरुस्तीत गेली. कुर्ल्याच्या दगडाचा आवाज कसा असतो हे ते मला त्या पहाटे तोंडानं वाजवून दाखवत होते. तिथे क्रिकेट खेळणाऱ्या पोरांपैकी एकही मान वर करून बघत नाही, आणि इथे आपली भाची त्याच जोडीच्या नकलेसाठी रात्रीचे किती मोजते आहे हे आपल्याला सांगत नाही, असं माझ्या मनात आलं. मी ते बोललो. मला वाटलं, अण्णा दुजोरा देतील.

"तसं नाही," ते म्हणाले. "खालची जमीन बघा." आणि बुटाची टाच दोनदा आपटली. पेनीज बे नावाच्या या खाडीत भर टाकून ती तयार केली आहे. त्या भरावावर जानेवारी 2003 मध्ये बांधकामाची कुदळ मारली आणि सप्टेंबर 2005 मध्ये फीत कापली. कंपनीत मोठा वाटा हाँगकाँग सरकारचा, म्हणजे काम निम्म्याहून जास्त सरकारी. "सरकारी काम, समुद्रात, पावणेतीन वर्षांत," अण्णा एकेक शब्द सुटा करून म्हणाले. मी त्यांना 33 वर्षं ओळखतो. त्यांच्या डोळ्यांत पाणी मी लेकीच्या पाठवणीला पाहिलं होतं, त्यानंतर हे आत्ता.

बागेतले पाळणे, परेड, आतषबाजी याबद्दल मी लिहीत नाही. ते पाहायला लोक गेलेच होते. अण्णा तास-दीड तास मेन स्ट्रीटच्या फुटपाथवर उभे होते. तिथल्या दुकानांचे वरचे मजले खालच्यापेक्षा मुद्दाम ठेंगणे बांधतात, म्हणजे इमारत आहे त्याहून उंच वाटते. अण्णा अंगठा धरून खिडक्या मापत होते. "खालची पुरी, वरची बुटकी," ते पुटपुटले. "आणि डोळ्याला कळत नाही. आमच्या ठेकेदारांनी वरचे मजले बुटके केले की लगेच कळायचं!" रस्त्याच्या टोकाला किल्ला. आधी तो 77 फुटी होता, कॅलिफोर्नियातल्या पहिल्या डिस्नेलँडच्या किल्ल्याची प्रत. मग त्याच्यावरच बांधकाम चढवत 2020 साली दुपटीहून उंच केला. अण्णांनी मान वर करून तो नीट पाहिला आणि छातीठोकपणे सांगितलं, "पुनर्विकास. एफएसआय वाढवून मिळाला असणार."

शेवटच्या सकाळी हॉटेलात मिकीबरोबर न्याहारी होती. मिकी टेबलाटेबलाशी येतो, पोरांना मिठी मारतो, फोटो काढू देतो, बोलत नाही. आम्ही सगळे अण्णांच्या उजव्या हाताकडे बघत होतो. ताईंनी तो टेबलाखाली धरून ठेवला होता. लेकीनं आदल्या रात्री बजावलं होतं, "बाबा, तिच्या मनातला मिकी मोडू नका." मोडायचं काम बाबांनी केलंच नाही. मिकी वाकला आणि सात वर्षांच्या नातीनं मधलं बोट वाकवून त्याच्या टाळक्यावर दोन ठोके दिले. पहिला जागं करायला, दुसरा जबानीला. रक्त कुणाचं ते उघडच दिसलं.

टेबल गप्प झालं. मिकीही क्षणभर थांबला. मग त्यानं आपला तो पांढरा, जाडजूड हातमोजा उचलला आणि अण्णांच्या टकलावर अलगद दोन ठोके मारले. शेजारच्या टेबलावरचे लोक हसले. नातीनं कान पुढे केला, आजोबांकडे रोखून पाहिलं आणि निकाल दिला, "पोकळ."

अण्णा इतके हसले की ताईंना त्यांचा हात सोडावा लागला. मिकी पुढच्या टेबलाशी गेला तरी त्याच्या पाठीकडे बघत ते म्हणाले, "मुखवटा बघितला? कानाचा सांधा कुठे आहे ते सापडलं नाही मला." या खेपेला त्यांचं दुसरं वाक्य मी ऐकलं.

त्या क्षणाचा फोटो जावयानं टिपला होता. परतल्यावर अण्णांनी तो मोठा करून घेतला, सागवानी चौकट करवली, आणि दिवाणखान्यातल्या दर्शनी भिंतीवर लावायला स्वतः स्टुलावर चढले. बंगला त्यांनी स्वतः उभं राहून बांधवून घेतलेला, सिमेंटचं प्रमाण स्वतः पाहिलेलं. खिळ्यावर हातोडीचा दुसराच घाव पडला आणि हातभर प्लास्टर सुटून खाली आलं. ताई काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त खडू आणून दिला.

फोटो सध्या टीव्हीशेजारी टेकवून ठेवला आहे. तुम्ही कधी त्यांच्याकडे गेलात तर चहा घ्या, फोटोचं कौतुक करा, मिकीचं वाटेल तितकं विचारा. त्या भिंतीला मात्र हात लावू नका.