धबधबा सोयीचा हवा

बेळगावातल्या आमच्या गल्लीने एकदिवसीय सहलीचा बेत आखला आहे: गोव्यातल्या मोले राष्ट्रीय उद्यानातला दूधसागर. पहाटे निघायचे, खानापूर, रामनगर, अनमोड घाट करत कुळ्याला पोचायचे, धबधबा उरकायचा आणि रात्री जेवायला घरी.

नियोजन चोख आहे. उपमा की पोहे यावर ग्रुपवर मतदान झाले, निकालावर हरकत आली, फेरमतदान झाले. मिनीबसमध्ये घाटात कोणाला मळमळते आणि त्याच्या शेजारी कोण बसणार नाही, हे लेखी आहे. लिंबू, आवळासुपारी आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या वहिनींकडे. परतीच्या वाटेवर मोल्यात पंधरा मिनिटांचा थांबा आहे. त्याचे कारण लिहिलेले नाही, कोणी विचारलेलेही नाही.

तारीख जुलैतली. चार टप्प्यांत, तीनशे मीटरहून अधिक उंचीवरून कोसळणारी मांडवी भर पावसातच पाहायची, हा मुद्दा बिनतोड होता. तेवढ्यात कोणी तरी कळवले, की वाटेतले ओढे फुगतात म्हणून कुळ्याच्या जिपा पावसाळ्यात बंद असतात. सुरू होतात त्या साधारण ऑक्टोबरात. खजिनदार भडकले. पाण्याला जोर असतो तेव्हा वाट बंद आणि वाट उघडते तेव्हा जोर ओसरलेला, ही सरळसरळ ग्राहकाची फसवणूक आहे! वनखात्याने ओढ्यांना समज द्यायला नको?

मग धबधब्याजवळून जाणाऱ्या रेल्वेच्या रुळांवरून चालत जायचे ठरले. 2013 साली ‘चेन्नई एक्सप्रेस’ हा चित्रपट आला, तेव्हापासून हा रेल्वेमार्ग सेल्फीसाठीच टाकला आहे आणि मधूनमधून गाड्या उगाच आड येतात, अशी पुष्कळांची समजूत आहे. कॅसल रॉक ते कुळे हा घाट इतका उभा, की 37 फुटांमागे एक फूट चढ. गाडीला जादा इंजिने जोडावी लागतात. त्यात बोगदे, धुके आणि कान बधिर करणारे पाणी. 2023 च्या जुलैत रेल्वे सुरक्षा दलाने रुळांवरून निघालेल्या हौशी मंडळींना तिथेच उठाबशा काढायला लावल्या. तो व्हिडिओ आमच्या ग्रुपवर ‘आरोग्य’ या सदरात फिरला.

रेल्वेच्या हद्दीत घुसल्यास कायद्याने सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खजिनदारांनी दंड माणशी खर्चात धरला. कैदेचा रकाना मात्र त्यांनी कोरा सोडला, कारण ती एकदिवसीय सहलीत बसत नाही.

याच घाटात दुसरा रूळ टाकण्याचा घाट घातला गेला होता. गोव्यातली माणसे जंगलासाठी रस्त्यावर उतरली आणि मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कामाला वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मंजुरी रद्द केली. गल्लीत या निकालाबद्दल हळहळ आहे. दोन रूळ असते तर दोन कुटुंबांचे फोटो एकदम निघाले असते, असे अध्यक्षांचे म्हणणे. जंगलाचा विषय कार्यक्रमपत्रिकेत आहे, पण ‘आयत्या वेळी येणारे विषय’ या सदराखाली.

ग्रुपवर माझ्या शब्दाला किंमत नाही, म्हणून वाचकांनाच सांगतो. दूधसागर पाहायचाच असेल तर जिपा सुरू झाल्याची खात्री करून ऑक्टोबरात जा आणि लाइफ जॅकेट घाला. तेव्हाही पाणी भरपूर असते.